पिठातलं पाऊल

आमच्या घरी अवतार मानत नाहीत. लहानपणी विहारात आम्ही पोरं रांगेत उभं राहून हात जोडून जे म्हणायचो, त्यात देवाने अवतार घेतला यावर माझा विश्वास नाही, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. मी ते मोठ्याने म्हणायचे. पण म्हणून तो शब्द घरातून गेला होता असं नाही. माय दिवसातून चारदा वापरायची. केस विस्कटून शाळेतून आले की "काय औतार करून आलीस!" गल्लीतला एखादा म्हातारा खोकून खोकून गेला की "सुटला, संपला त्याचा औतार." देव सोडून बाकी सगळ्यांना आमच्याकडे अवतार होता.

शाळा माझी सातवीत सुटली. बाप विहिरीच्या कामावर गेला तो परत आला नाही. दरड ढासळली. त्यानंतर माय आणि मी दोघी कापूस वेचायला जायला लागलो. अभ्यासात मी काही फार हुशार नव्हते, त्यामुळे माझी शाळा सुटली म्हणून कुणी हळहळलं नाही. वाचायची सवय मात्र राहिली. पुडीचा कागदसुद्धा वाचून मग टाकते.

लग्नानंतर आम्ही परभणीकडून इकडे दिवेआगरला आलो ते त्या मोठ्या वादळानंतर. नवरा पत्रे बसवायच्या कामावर होता. एका ठेकेदाराने दहा-बारा जणांना ट्रकमध्ये घालून आणलं. गावात तेव्हा माड आडवे पडलेले, सुपाऱ्या मधेच मोडलेल्या, घरांवर निळ्या ताडपत्र्या. काम भरपूर होतं. ते संपत आलं तसा ठेकेदार एका सकाळी निघून गेला, फोन बंद करून. बाकीचे नातेवाईक गाठून कुठे कुठे पांगले. आम्ही दोघं एसटीच्या थांब्यावर गाठोडं घेऊन बसलो होतो. ज्यांच्या घरावर नवऱ्याने पत्रे चढवले होते ते म्हातारे सायकलवरून चालले होते. थांबले. म्हणाले, "माड-सुपारीची वाडी परत उभी करायची हाय. मला आता खड्डे खणवत न्हायत. मागं खोली हाय. ऱ्हावा."

ते तात्या. त्या एका वाक्यावर आम्ही आजपर्यंत इथे आहोत, हे मी विसरत नाही. पुढे जे सांगणार आहे ते वाचून कुणाला वाटेल ही उलटली. तसं नाही.

नवरा वाडीचं बघायचा. मी पाहुण्यांच्या दोन खोल्या झाडायच्या, चादरी धुवायच्या, भांडी. तात्यांची बायको, म्हणजे काकू, स्वयंपाक करायच्या. सोलकढी, माशाचं कालवण, तांदळाची भाकरी. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं ते खायला यायची. माझा कप मागच्या पडवीतल्या खिडकीत असायचा. तिथेच ठेव असं कुणी सांगितलं नव्हतं. तिथेच असायचा. मी तोच घ्यायचे, विसळून तिथेच ठेवायचे. याचं फार काही वाटून घेतलं नाही, कारण वाटून घ्यायला जागा नव्हती.

तात्यांना मोठ्याने पेपर वाचायची सवय होती. ओटीवरच्या आरामखुर्चीत बसून वाचायचे, आणि मी अंगण झाडत असले की मला ऐकू येईल असं. मोटारसायकल नव्या अवतारात, कुठली नटी नव्या अवतारात. एकदा म्हणाले, "बघ, देवानं पहिला अवतार माशाचा घेतला. आणि आम्ही काय केलं? त्याचं कालवण केलं." आणि स्वतःच इतके हसले की ठसका लागला. काकू आतून ओरडल्या, "देवाला तरी सोडा!"

तात्या गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर गेले. झोपेतच. मला तेव्हा चौथा महिना होता.

त्यांच्याकडे एक रीत आहे. माणूस जिथे गेला त्या जागी दिवा ठेवतात. मग कार्याच्या आदल्या संध्याकाळी तिथे तांदळाचं पीठ पसरतात, अगदी सारखं, हात न लागल्यासारखं, आणि वर टोपली पालथी घालतात. सकाळी टोपली उचलायची. पिठावर जो ठसा असेल तो जन्म त्या जिवाने घेतला. पक्ष्याची नखं असली तर पक्षी, सरपटल्याची रेघ असली तर साप. हे मला नवऱ्याने समजावून सांगितलं. त्याला ते शेजारच्या माडवाल्याने सांगितलेलं.

सकाळी मी चहाचं पातेलं घेऊन माजघराच्या मागच्या दारात उभी होते. आत जायचं नव्हतंच, पातेलं कुणीतरी हातातून घेणार होतं. तात्यांचा मुलगा पनवेलहून आलेला, त्याला आम्ही दादा म्हणतो. त्याने टोपली उचलली. सगळे वाकले.

"मांजर हाय," एक जण म्हणाला.

"टोपलीच्या आत मांजर कसा जाईल?"

"मग उंदीर."

शेजारची एक म्हातारी होती, अशा गोष्टींत तिचा शब्द शेवटचा. ती गुडघे धरत खाली बसली, चष्मा पुसला आणि बराच वेळ बघून म्हणाली, "पाऊल हाय. लेकराचं. ही टाच. ही बोटं. मोजा."

कुणी मोजली नाहीत. मला दारातून जेवढं दिसलं त्यात पिठात एक खळगा होता आणि वरच्या अंगाला चार-पाच टिंबं. ते काय होतं ते मला आजही माहीत नाही. पण म्हातारी "लेकराचं" म्हणाली आणि काकूंनी मान वर केली. सुनेकडे बघितलं नाही. तिला दोन मुलं, पुढचं काही नको म्हणून ऑपरेशन झालेलं, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकूंची नजर फिरत फिरत दारापर्यंत आली आणि माझ्या पोटावर थांबली. मग एकेक करून सगळ्यांची.

माझ्या हातातलं पातेलं कुणी घेईना.

"आत ये," काकू म्हणाल्या.

"काकू, मी इथंच..."

"आत ये म्हणते ना!"

शेजारची म्हातारी हळूच म्हणाली, "अगो, पण तिच्या पोटी? तात्या?"

"ठसा मी काढला काय?" काकू म्हणाल्या. "त्यांना पटलं, तुझं काय जातंय?"

खोटं कशाला सांगू, पहिले काही दिवस मला बरं वाटलं. मी माजघरात बसून चहा प्यायले. जड भांडी घासायला दुसरी बाई लावली. काकू माझ्या पायाखाली उशी ठेवायच्या. माझी माय सोडून माझे पाय असे कुणी कधी हातात घेतलेले नव्हते. भीती माझ्या स्वभावातच आहे, गॅस बंद केला का म्हणून मी चारदा उठून बघते. पण त्या दिवसांत मला वाटलं, चला, बाळाच्या निमित्ताने का होईना, आता आपल्याला इथून कुणी उठवणार नाही.

मग चहातली साखर गेली.

"काकू, साखर टाकायची राहिली."

"राहिली न्हाय. ह्यांना चालत न्हाय."

तात्यांना मधुमेह होता. तर मला बिनसाखरेचा चहा. आरोग्य खात्याच्या आशाताई तपासायला आल्या तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्या काकूंना म्हणाल्या, "अहो, बाळाला कुठली शुगर? हिला ताकद पाहिजे." काकू म्हणाल्या, "तुम्हाला त्यांचं पथ्य म्हाईत न्हाय. मी केलंय आयुष्यभर."

तात्यांना सोड्यांची खिचडी आवडायची. सुकवलेल्या कोळंबीचा तो वास मला पोटुशी नसतानाही डोक्यात जातो. माझं सगळं लहानपण ज्वारीची भाकरी आणि ठेच्यावर गेलेलं. आता पुढ्यात ताट यायचं.

"काकू, उलटी होईल."

"तुला नको असंल बाय. ह्यांना हवं असतं. दोन घास."

मी दोन घास खायचे आणि न्हाणीकडे पळायचे. बाहेरून काकूंचा आवाज यायचा, माझ्याशी नाही, पोटाशी: "अवो, असं काय करता? आवडतंय ना तुम्हाला?"

सकाळी मला ओटीवर तात्यांच्या खुर्चीत बसवायच्या. रस्त्यावरून जाणारी माणसं पहिल्यांदा लाजायची, मग त्यांना त्याची गंमत वाटायला लागली. एक कोळी टोपली घेऊन यायचा, तो कुंपणाशी थांबून म्हणायचा, "काय तात्या, बरा हाय ना? सुरमई आणलीय, दाखवू?" ज्याच्याशी तात्यांचं बांधावरून वर्षानुवर्षं भांडण होतं, तो शेजारी एक दिवस चक्क आत आला, हात जोडले आणि म्हणाला, "तात्या, आता तरी तो दगड एक हात सरकवा." काकूंनी त्याच्या अंगावर तांब्यातलं पाणी फेकलं. मला हसू आलं. पण मला हसायचीही चोरी होती, कारण हसले की पोट हलायचं आणि काकू म्हणायच्या, "बघ, ते हसले."

वाडीच्या फाटकाच्या बाहेर मला जाऊ देत नव्हत्या. समुद्र इथून चालत गेलं तर विडी ओढून होईपर्यंत येतो, तिकडेही नाही. तिन्हीसांजेला अंगणातही नाही. कुठे निघाले की मागून, "कुठं नेतेस ह्यांना?"

रात्री खोलीत पडलं की माझ्या डोक्यात चक्र सुरू व्हायचं. मुलगी झाली तर? काळं झालं तर, तात्या गोरे होते. मासे खाल्ले नाहीत तर? आणि काही वाईट झालं, देव न करो, असं आमच्याकडे म्हणत नाहीत पण मी म्हणायचे, काही वाईट झालं तर काकू दुसऱ्यांदा विधवा होतील आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणायचा, "तात्यांनी छप्पर दिलं. म्हातारीचं एवढं ऐक."

"छपराच्या बदल्यात पोट द्यायचं का?"

"पोट कुठं मागितलं? ऱ्हा म्हणतात फक्त."

त्यालाही भीती होती. आम्हा दोघांच्या भीतीची तोंडं वेगवेगळ्या दिशेला होती, एवढंच.

माय फोनवर आधी खूप हसली. "तुझ्या पोटात म्हातारा? काय खायला मागायलाय?" मग दोन-तीनदा ऐकल्यावर तिचा आवाज बदलला.

"आपण काय मानत नाही ते तुला माहीत हाय ना?"

"हाय."

"मंग सांग ना तिला तसं."

"कसं सांगू गं माय? तिच्या खोलीत राहते."

"सातव्यात निघून ये. पहिलटकरीण हायेस. पहिलं बाळंतपण मायच्याच घरी होतं, ते तर तिलाबी माहीत असंल. बाई हाय का कोण हाय ती?"

हे मला पटलं. हे कारण असं होतं की त्यात कुणाच्या देवाधर्माला धक्का लागत नव्हता. सातवा लागला तशी मी पिशवी भरली. नवऱ्याने रेल्वेचं बघितलं. दादा पनवेलहून आलेला होता, त्याच्या समोरच मी काकूंना म्हणाले, "काकू, बाळंतपणाला माहेरी जाते. बाळ सव्वा महिन्याचं झालं की परत येते."

काकू सुपाऱ्या सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "जा की. तुला कोण धरून ठेवलंय? ह्यांना नेऊ नको."

नवऱ्याला हसू फुटलं. तो विनोदच आहे असं त्याला वाटलं. काकूंनी मान वर केली, आणि त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"आई, असं कसं होईल?" दादा म्हणाला.

"ते मला म्हाईत न्हाय. हे या घरातून पुन्हा जाणार न्हाईत."

दादाने मला मागच्या पडवीत बोलावलं. चांगला माणूस आहे, वर डोळे करून बोलत नाही. म्हणाला, "बाबा गेल्यापासून आई जेवत नव्हती. तुझ्यामुळे जेवायला लागली. मी पनवेल सोडून इथे येऊन राहू शकत नाही. तू गेलीस तर तिच्याजवळ कोण? दोन महिने सांभाळून घे. श्रीवर्धनला गाडी करून नेईन, सगळं मी बघतो." तो हात जोडायला लागला तेव्हा मी घाबरले. ज्याच्या घरात आपण राहतो त्याने आपल्यासमोर हात जोडले की पुढे बोलायला काही उरत नाही. पिशवी मी परत रिकामी केली. मायला सांगितलं, डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलंय.  तिला खोटं कळतं.

श्रीवर्धनच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. दादाने म्हटल्याप्रमाणे गाडी आणली होती, काकू बरोबर होत्या. कळा सुरू असतानाही माझ्या मनात एकच होतं, की मुलगी झाली तर ही बाई इथेच मला सोडून निघून जाईल. नर्सने बाळ आणून दाखवलं. काकूंनी दुपटं बाजूला सारून नीट बघितलं. मी डोळे मिटून घेतले.

"बाईचा जन्म घेतलात?" काकू म्हणाल्या. "बरं झालं. आता कळेल."

नर्स हसली. मी हसले नाही. त्या आवाजात लाड नव्हता.

घरी आल्यावर बाळाला न्हाऊ घालायचं काम काकूंनी घेतलं. हात फार चांगला. पाटावर बसून पायांवर बाळ पालथं घालायच्या, नारळाच्या तेलाने अंग रगडायच्या, आणि बोलत राहायच्या. आधी मी लक्ष दिलं नाही. सगळ्याच म्हाताऱ्या बाळाशी बोलतात. मग शब्द कानात शिरायला लागले.

"मीठ कमी झालं म्हणून ताट फेकलंत. आठवतंय का? ही पोरं समोर बसलेली."

"माझ्या भावाला ओटीवरनं परत पाठवलात. पाणीसुद्धा दिलं न्हाय."

बाळ रडायचं. काकू म्हणायच्या, "रडा. मी रडले तेव्हा तुम्ही वाडीत निघून जायचात."

हे तात्या मी पाहिलेले नव्हते. मी पाहिलेले तात्या माशाच्या अवतारावर हसणारे, रस्त्यावरच्या दोघांना उचलून खोली देणारे. आणि दोन्ही खरे असणार, कारण काकू खोटं बोलत नव्हत्या. खोटं बोलणारं माणूस असं रोज तेच तेच सांगत नाही.

माय फोन करायची. सव्वा महिना झाला, आता तरी ये. मी काकूंना विचारलं तर, "अजून मान धरली न्हाय." मान धरली. "अजून पालथी पडली न्हाय." मला दिसायला लागलं की याला शेवट नाही. पालथी पडेल, रांगेल, दात येतील. दर वेळी पुढचं काहीतरी असेल. मी खोलीत झोपायचे तरी बाळ दिवसभर माजघरात. दूध पाजायला मला बोलावणं यायचं. आपलंच लेकरू पाजायला पदर सावरत परक्याच्या उंबऱ्यातून आत जायचं, आणि पाजून झालं की, "दे इकडं ह्यांना."

मग एक दुपार. पाहुणे नव्हते. नवरा माडांना खत घालत होता. मी दोरीवरच्या चादरी काढून आत आणल्या आणि माजघराच्या दाराशी थांबले. बाळ झोळीत होतं, जागं. काकू झोळीची दोरी धरून जमिनीवर बसलेल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. अगदी हळू, समजूत काढल्यासारखं बोलत होत्या.

"तेवढं एक सांगा. बाकी सगळं सोडलं. माझी आई आजारी हाय असा निरोप आला तेव्हा तुम्ही म्हणालात, वारा हाय, दिघीची लाँच बंद हाय. मी पिशवी घेऊन या इथं बसलेली. लाँच चालू होती हो. नंतर मला तुमच्याच माणसानं सांगितलं, तो त्याच लाँचनं आला होता. का असं केलंत? काय गेलं असतं तुमचं? माझं माहेर काशीद, काय लांब हाय? आई तिसऱ्या दिवशी गेली. का?"

बाळाने तोंडातून फुगा काढला.

"बोला न्हायतर," काकू म्हणाल्या. "बोलायला लागाल तेव्हा बोला. पण मी तवर ऱ्हायला पाहिजे."

मी चादरी उंबऱ्यावर ठेवल्या. इतके महिने मी समजत होते की या बाईला नवरा परत हवाय कारण तिचा जीव होता त्याच्यावर. सगळं गाव तेच समजत होतं. तिला तो परत हवा होता, कारण तो उत्तर न देता गेला होता. आणि माझं लेकरू बोलायला लागेपर्यंत आम्हाला इथून हलू देणार नव्हती.

मी आत गेले आणि झोळीतून बाळाला उचललं. न विचारता, पहिल्यांदाच.

"काकू, हिला हे ऐकवू नका. हिनं काही केलं नाही."

"तू बाहेर जा."

"नाही जात. ही बोलायला लागेल तेव्हा माय म्हणेल, भू म्हणेल. हिला दिघी कुठं माहीत, काशीद कुठं माहीत?"

"ठसा..."

"ठसा मी पण बघितला. तुमची लाँच त्यांनी अडवली. माझी गाडी कुणी अडवली?"

असं मी या घरात कधी बोलले नव्हते. कुणाशीच नव्हते बोलले. बोलून झाल्यावर मी भिंतीला टेकले. डोळ्यांसमोर एसटीचा थांबा आला, गाठोडं आलं, यावेळी मांडीवर बाळ. काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांचं तोंड उघडं राहिलं होतं.

"मग मी कुणाला विचारू?" काकू म्हणाल्या.

 मी म्हणाले, "विचारून उपयोग नाही. सांगायचं तर मला सांगा. मी ऐकते."

"तुला काय सांगायचं! तू त्यांना देव मानतेस."

"देव नाही मानत. उपकार मानते."

काकू उठल्या. मोरीवर जाऊन तोंड धुतलं, मागच्या अंगणात गेल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, बाळाला बोलावलं नाही. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. तो उठून सामान कुठल्या पोत्यात मावेल ते बघायला लागला. मला ओरडला नाही, हे त्याचे उपकार. बाळ दोन दिवस माझ्याजवळच होतं. मी तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. डाव्या कानाची पाळी जरा दुमडलेली आहे. ते मला माहीतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकू खोलीच्या दारात आल्या. आत कधी येत नसत, तेव्हाही आल्या नाहीत. नवऱ्याला म्हणाल्या, "माणगावपर्यंत गाडी सांग. एसटीत धक्के बसतील." मग मला म्हणाल्या, "किती दिवस?"

"पंधरा-वीस."

"आई बरी हाय ना तुझी?"

"बरी आहे."

"मग जा," काकू म्हणाल्या. "बरी हाय तवर जा." आणि निघाल्या. निघताना परत वळल्या. "खोलीत कुणाला ठेवणार न्हाय मी. तसं मनात आणू नको." मी ते मनात आणलं होतं. अजूनही आणते. त्या शब्द मोडणाऱ्यातल्या नाहीत, पण मी अशी आहे.

माणगावहून पनवेल, तिथून रात्रभराची गाडी. माय परभणीच्या स्टेशनवर आली होती. तिने आधी बाळ घेतलं, मग माझ्याकडे बघितलं आणि "काय औतार झालाय तुझा" म्हणाली. घरी येईपर्यंत तिने बाळ खाली ठेवलं नाही. शेजारणी जमल्या. मी त्यांना टोपलीची आणि पिठाची गोष्ट सांगितली, सगळ्या पोट धरून हसल्या. आपल्यात असलं नाही, म्हणाल्या.

शेजारणी गेल्यावर माय दाराच्या उजेडात बाळाला मांडीवर घेऊन बसली. निरखून बघत राहिली. बाळाने कपाळाला आठी घातली.

"हे बघ," माय म्हणाली. "हे तुझ्या बापाचं हाय. अस्सं करायचा. अगं, तोच आलाय की!"

"माय!"

"मी औतार कुठं म्हणाले? आठी म्हणाले मी, आठी." पण तिची नजर बाळाच्या तोंडावरून हलत नव्हती, आणि तो आवाज मी स्टेशनवर ऐकलेला नव्हता. काकूंच्या माजघरात ऐकलेला होता.

मला वाटलं, आत्ता उठावं आणि बाळ काढून घ्यावं. पण मी तसं केलं नाही. तिच्याजवळ जाऊन बसले.

"माय, बापाला काही विचारायचं होतं का तुला?"

ती दचकली. इतक्या वर्षांत आम्ही दोघी बापाबद्दल कधी बोललो नव्हतो. तो गेला, शाळा सुटली, कापूस सुरू झाला; बोलायला वेळ कुठे होता.

"त्या दिवशी मी जाऊ नको म्हणले होते," माय म्हणाली. "विहिरीत दरड सैल हाय, तोच सांगत होता रात्री. मंग कामून गेला? का?"

बाळाने आठी सोडली आणि माझ्या दिशेने मान फिरवली.

"हिला काय माहीत," माय म्हणाली, आणि तिला माझ्या मांडीवर दिलं. "घे. भुकेली हाय ती."